सड्यावरचं गाऱ्हाणं

विद्यापीठाचे कुलगुरू बदलले की त्याची बातमी पेपरात आतल्या पानावर येते, आणि आमच्या कसालच्या बाजारात त्याच पानात सुके बांगडे बांधून मिळतात. यंदाही तेच झालं. घरी येऊन बांगडे डब्यात काढले आणि तेलकट डागाखालचं वाचलं. नव्या कुलगुरूंनी पदभार स्वीकारला, नवं शैक्षणिक वर्ष वेळेवर सुरू होणार, आणि ज्या उपकेंद्रांत विद्यार्थी कमी आहेत तिथल्या विभागांचा फेरविचार होणार. संध्याकाळी वैजूचा फोन आलाच.

"वाचलंस गो?"

"वाचलंय."

"नवे संचालक पण येतत. गुरवारी सड्यार गाऱ्हाणा आसा. तू ये. औंदा माका एकटीक थय उभ्या ऱ्हवाक धीर होना नाय."

वैजू आणि मी एकाच वर्गातल्या. मालवणच्या पुढे समुद्राच्या अगदी डोक्यावर जांभ्या दगडाचा एक सडा, म्हणजे उंचावरचा सपाट माळ, आहे, त्याच्यावर विद्यापीठाचं उपकेंद्र. तिथे आम्ही सागरी जीवशास्त्र शिकलो. मी पदवी घेऊन खाली उतरले, बी.एड. केलं आणि कसालच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले. वैजू उतरलीच नाही. ती त्याच विभागात तासिका तत्त्वावर लागली, म्हणजे जेवढे तास घ्यायचे तेवढ्याचाच पगार आणि दर वर्षी नव्यानं नेमणूक. अजून तेच चाललं होतं. विभाग राहिला तर वैजू राहणार, आणि विभाग गेला तर तिला कोणी साधी नोटीसही द्यायची गरज नाही. 'फेरविचार' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला तो त्यासाठी.

गुरुवारी रजा टाकून मालवणची एसटी धरली. पावसाळ्यातलं मालवण मला कधीच फारसं आवडलं नाही. होड्या वर ओढलेल्या, त्यांच्यावर माडाच्या झापांची छपरं, मासळी बाजारात बर्फातला माल पुढ्यात घेऊन कंटाळून बसलेल्या बायका, आणि पर्यटकांसाठी रंगवलेल्या पाट्या कोणी वाचणारं नसताना भिजत पडलेल्या. स्टँडवर रिक्षा केली. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, "सड्यावयला कॉलेज बंद करतत म्हणतत ना?"

"माका काय ठावक नाय," मी म्हटलं, जरा तोडूनच. त्या बिचाऱ्यानं आरशातली नजर काढून घाटीचा चढ धरला.

घाटी संपली की वळणावर वारा एकदम अंगावर येतो. तिथे नेहमी तोच वास असतो. ओला जांभा, सड्यावरचं कोवळं गवत, कुठेतरी कुजणारी काजूची बोंडं आणि या सगळ्याच्या खालून वर येणारी खारी हवा. मी रिक्षातून उतरून नुसती उभी राहिले. एवढ्या वर्षांत इमारतीला तीन वेगळे रंग लागले असतील, पाटीवरची अक्षरं बदलली असतील, पण हा वास कोणत्याही कुलगुरूंच्या अखत्यारीत येत नव्हता.

मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा मला समुद्र माहीत नव्हता म्हटलं तरी चालेल. आम्ही आतल्या गावचे, भातशेती आणि काजूवाले. समुद्र म्हणजे बाजाराला मालवणात आलं की भिंतींच्या मधून दिसणारं काहीतरी निळं. माझ्या वडलांनी माझी पत्र्याची पेटी वसतिगृहाच्या पायरीवर ठेवली, खाली एकदा बघितलं आणि म्हणाले, "पान्यात उतरा नको हां." मी सागरी जीवशास्त्र शिकायला आले होते. वैजू शेजारीच उभी होती, ती फसकन हसली. तिचं घर खाली वाडीतच होतं, आजोबा तांडेल, मोठ्या होडीचे प्रमुख, तरी वसतिगृहात राहायचं म्हणून ती हट्टानं वर आली होती. त्या हसण्यावर मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही, आणि नंतर कधी बोलायची थांबले नाही.

आमचे मोठे सर म्हणजे या विभागाचे पहिले प्रमुख. ते घाटावरचे होते, मालवणी त्यांना शेवटपर्यंत आलं नाही. पण त्यांनी प्रयोगशाळेच्या भिंतीवर विद्यापीठाच्या वेळापत्रकाच्या शेजारी पंचांग टांगलं होतं, आणि दोघांत भांडण झालं की पंचांग जिंकायचं. "विद्यापीठाला सोमवार कळतो," ते म्हणायचे, "समुद्राला अमावास्या कळते. आपण कुणाकडे शिकायला आलोय?" पुनवेला आणि अवसेला पहाटे पाणी फार खाली जायचं, एरवी कधी न दिसणारे खडक उघडे पडायचे. मग आमचा वर्ग पहाटेच्या अंधुक उजेडात घाटी उतरायचा. पायांत जुने कॅनव्हासचे बूट, हातात बादल्या, साड्या आणि पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत खोचलेले. एकदा मुख्य आवारातून तपासणीला आलेले एक गृहस्थ सकाळी दहाला आले आणि रिकाम्या वर्गात बसून राहिले. आम्ही चिखलानं भरलेले पाय घेऊन वर आलो तेव्हा सर त्यांना हसत म्हणाले, "भरती झाली म्हणून सुटलो. नाहीतर दुपारपर्यंत आलो नसतो."

खाली त्या खडकांत काय नव्हतं? डबक्यात पडलेल्या तारामाशाचे हळू हलणारे पाय. बोट लावलं की अंग चोरून घेणारं समुद्रफूल. दगड उलटला की सैरावैरा धावणाऱ्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे. मी किंचाळायचे आणि वैजू शांतपणे कुर्ली मागून धरून माझ्या नाकासमोर आणायची. "बघ, ही बायल माणूस आसा. पोटाखालचा झाकण रुंद आसा, दिसता?" सरांचा एक नियम होता. दगड उलटला तर परत तसाच ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला कोणाचं तरी घर असतं. आम्ही सगळे तो नियम विसरायचो आणि वैजू आमच्या मागून एकेक दगड पूर्ववत करत यायची. तिला तेव्हाही सगळ्यांच्या शेवटी वर यायला आवडायचं.

वर आलं की फॉर्मलिनचा वास. डोळ्यांना झोंबणारा, नाकात दिवसभर बसून राहणारा. जेवणाच्या भातालाही तो लागल्यासारखा वाटायचा. वसतिगृहात सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि सुकटाची चटणी, रात्री कुळथाची पिठी. पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की शेजारच्या खाटेवरच्या मुलीला काही सांगायचं तर ओरडावं लागे, म्हणून आमच्या बॅचच्या सगळ्या मुली अजूनही मोठ्यानं बोलतात. माझा नवरा त्यावरून मला चिडवतो. तो वास आणि तो आवाज परत मिळणार असेल तर मी आजही त्या खाटेवर जाऊन पडेन, असं मला खरंच वाटतं.

आणि गाऱ्हाणं. सड्यावर, उपकेंद्राच्या फाटकाच्या आत डाव्या हाताला एक सातवीण आहे आणि तिच्या बुंध्याशी एक दगड. त्याला आकार नाही, नाकडोळे नाहीत. तो राखणदार. ही जमीन म्हणजे पूर्वी वाडीचं गुरं चरायचं रान. वाडीनं ती विद्यापीठाला दिली तेव्हा देवाला कौल लावला होता, आणि एक बोली झाली होती. दर वर्षी अभ्यास सुरू होण्याआधी, आणि नवा साहेब खुर्चीत बसला की तेव्हाही, राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं आणि नारळ साहेबानं स्वतःच्या हातात धरायचा. बोली कागदावर कुठेच नव्हती. ती पाळली मात्र सगळ्यांनी.

गाऱ्हाणं घालायचा मान आबांच्या घराण्याचा. आमच्या वेळी आबा पन्नाशीचे असतील. गळा असा की वाऱ्यातही शब्द सुटा सुटा ऐकू यावा. कमरेला पंचा, खांद्यावर टॉवेल, हात जोडलेले, आणि देवाशी बोलणं असं की शेजारच्या घरातल्या वडीलधाऱ्याला काही सांगतायत. मी पहिल्या वर्षी मागे उभी होते. आबा एक वाक्य म्हणाले, थांबले, आणि सगळी माणसं एकदम "व्हय म्हाराजा!" म्हणाली. मी गप्पच. आमच्या गावात गाऱ्हाणी होतात, पण ती पुरुषांची. आम्ही मुली घरात नारळ सोलत असायचो. वैजूनं मला कोपर मारलं.

"म्हण मा! गप ऱ्हवलंस तर ता मधीच लटाकता."

"काय म्हणतायत ते कळलंच नाही मला," मी कुजबुजले. तेव्हा मी तिच्याशी शुद्ध बोलायचे, कॉलेजात आलोय म्हणून.

"कळाक कित्या होया? ते थांबले की व्हय म्हणूचा."

तेवढं मला जमलं. आबांचा आवाज चढत जायचा आणि एका जागी अलगद टेकायचा, तिथे आमचा होकार पडायचा. इडापिडा बाहेरच्या बाहेर घाल म्हाराजा. व्हय म्हाराजा. परीक्षेक बसतली तेंका येस दी म्हाराजा. व्हय म्हाराजा. दोन-चार वेळा झालं की तोंड आपोआप चालतं आणि डोळे मिटतात. माझा देवावर विश्वास होता की नाही हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण त्या होकारात उभं राहिल्यावर आपण एकटे नाही असं वाटायचं, आणि घरापासून दूर आलेल्या मुलीला तेवढं पुरे होतं.

मोठे सर निवृत्त झाले, पुढे वारले. नंतर उपकेंद्रात संचालक येत गेले आणि जात गेले. इकडे यायला कोणी खुशीनं तयार नसायचं. एकानं आल्या आल्या फाटक रंगवलं. एकानं सगळीकडे गुलमोहर लावले, ते सड्यावरच्या वाऱ्यात वाकडे वाढले. एक जण देव मानत नसे, तोही नारळ धरून उभा राहिला, फक्त बूट काढले आणि मोजे ठेवले, त्यावर वाडीत वर्षभर चर्चा झाली. प्रत्येक वेळी वैजूचा फोन यायचा. "नवे सायब बरे आसत म्हणतत. पोस्ट भरतले म्हणतत." पोस्ट कधी भरली नाही. तिला सावंतवाडीच्या एका शाळेत कायमची नोकरी चालून आली होती. मी तिला तेव्हा फोनवर नाही नाही ते बोलले. वय वाढतंय, आई म्हातारी, भाऊ मुंबईला, उद्या कोण बघणार तुला? ती सगळं ऐकून म्हणाली, "सावंतवाडीत मोती तलाव आसा गो. तेका भरती खय येता?" हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही, असं म्हणून मी फोन ठेवला. राग यायचा मला तिचा. आणि शाळेत फळ्यावर तारामासा काढताना तिचा हेवाही वाटायचा.

त्या गुरुवारी ती फाटकातच उभी होती. केस बरेच पांढरे झालेले, छत्री हातात मिटलेलीच. मला बघून म्हणाली, "इलंस? बरा केलंस," आणि थेट प्रयोगशाळेत घेऊन गेली. बरण्या पुसून रांगेत लावलेल्या, मुलांनी कार्डांवर नावं नव्यानं लिहिलेली, पंचांगही यंदाचं. साहेबांना विभाग दाखवायचा म्हणून तिनं आठवडाभर मुलांना घेऊन साफसफाई केली होती. साहेब सकाळी येऊन पाच मिनिटं सगळं बघून गेले होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"चांगला ठेवलंयत म्हणाले. आजून काय ठरवला नाय म्हणाले. स्थानिकांचा मत घेऊन काय ता वर कळवतले." तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. "वाडी आमच्या बाजूनच आसा मा? मगे भियाचा कशाक?"

सातविणीखाली माणसं जमली होती. वाडीतली जाणती मंडळी, उपकेंद्रातल्या दोनच विभागांची मिळून थोडीशी मुलं, कार्यालयातले लोक. आबा आता फार थकलेत. नातवानं हाताला धरून आणलं होतं. संचालक वयानं माझ्याहून लहान असतील, स्वच्छ शर्ट, बोलणं मऊ. त्यांनी बूट काढले, मोजेही काढले, आणि ओल्या दगडावर अनवाणी उभे राहिले. वाडीतल्या बायकांनी एकमेकींकडे पसंतीनं बघितलं. मलाही माणूस बरा वाटला. कार्यालयातला एक जण समोर मोबाइल धरून चित्रीकरण करत होता, विद्यापीठाच्या फेसबुक पानावर टाकायला.

आबांनी हात जोडले. आवाज पातळ झालाय, पण थांबण्याची जागा तीच आहे.

"बा राखणदारा, ह्या सड्याच्या धन्या, आज ही सगळी लेकरां तुज्या पायाकडे इली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोन नवो सायब इलो हा, तेका सांबाळून घे. तेच्या हातसून सगळ्यांचा बरा होवंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जे कोन हयसर शिकतत, जे कोन हयसर शिकयतत, तेंची चूल हयसरच पेटती ऱ्हवांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वैजूचा आवाज माझ्या कानाशी होता. हे वाक्य आबा तिच्यासाठीच घालतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मग आबांनी नारळ साहेबांच्या हातात दिला. "सायबानू, आता तुमी पन दोन शब्द सांगा." आजवर साहेब लोक इथे 'सगळ्यांचं भलं कर' एवढं पुटपुटून नारळ परत द्यायचे. या साहेबांना वाटलं की आपल्याला भाषणाला उभं केलंय. ते देवाकडे पाठ करून आमच्याकडे वळले. वारा सुटला होता. छत्र्यांवर पावसाची सर तडतडायला लागली.

"नवं शैक्षणिक वर्ष आपणा सर्वांना सुखाचं जावो," ते म्हणाले, आणि थांबले.

"व्हय म्हाराजा!"

ते दचकले. मग हसले, त्यांना ते फार आवडलं असावं. पुढचं वाक्य त्यांनी जरा उंच आवाजात, आबांच्यासारखं टेकवत म्हटलं. मुलांना चांगल्या नोकऱ्या मिळोत. व्हय म्हाराजा. या उपकेंद्राची भरभराट होवो. व्हय म्हाराजा. मागे उभ्या असलेल्यांना पावसात शब्द लागतही नसतील, थांबणं तेवढं कळत होतं. माझे डोळे कधीच मिटले होते.

"त्यासाठी इथे पर्यटनाचे, रोजगार देणारे अभ्यासक्रम सुरू करावेत, असा विद्यापीठाचा विचार आहे."

"व्हय म्हाराजा!"

"आणि सागरी जीवशास्त्राचा विभाग इथून मुख्य आवारात हलवावा, असाही विचार आहे. त्याला आपल्या सर्वांची साथ मिळावी."

"व्हय म्हाराजा!"

माझ्या तोंडून ते गेलं आणि मग शब्दांचा अर्थ कळला. डोळे उघडले. समोर मोबाइलवाला सगळ्यांवरून मोबाइल फिरवत होता. नारळ फुटल्याचा आवाज आला. वैजू शेजारी हात जोडून तशीच उभी होती, चेहरा शांत. आबांच्या नातवानं खोबऱ्याचे तुकडे वाटायला सुरुवात केली, तिच्या हातावर तुकडा आला, तेव्हा तिनं विचारलं, "शेवटाक काय म्हणालो गो तो? माका पावसान आयकाक नाय इला."

मी सांगितलं. मला न सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

"आणि आम्ही?"

"आम्ही व्हय म्हटलंव."

"मी पन?"

"तू पन."

तिनं तळहातावरच्या तुकड्याकडे बघितलं. प्रसाद टाकत नाहीत. तिनं तो तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.

माणसं पांगल्यावर ती आबांकडे गेली. ते सातविणीच्या पारावर टेकले होते. "आबानू," ती म्हणाली, "ता मागे घेवा. आमी चुकान म्हटलंव."

आबांना आता कमी ऐकू येतं, आधी काय झालं तेच त्यांना कळेना. मी दोनदा समजावलं. मग टॉवेलानं डोळे पुसून ते कष्टानं उठले आणि पुन्हा दगडासमोर उभे राहिले. "बा म्हाराजा, लेकरांच्या तोंडसून चुकीचो शब्द गेलो. तो पदरात घे, धरून बसा नको, म्हाराजा!" त्यांनी आवाज टेकवला. होकार द्यायला आम्ही दोघीच होतो. पावसात ते "व्हय म्हाराजा" इतकं बारीक वाटलं की मला रडू आलं.

परत बसताना आबा म्हणाले, "देवाकडसून मागे घेतलंय बाय. तेका आमची चूक कळता. पन त्या मोबायलातसून कसा काढू?"

तो व्हिडिओ दोन दिवसांत माझ्याही फोनवर आला. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं पाठवला होता, 'तुमचं कॉलेज' म्हणून. खाली विद्यापीठानं लिहिलं होतं की अभ्यासक्रमांच्या पुनर्रचनेला ग्रामस्थांनी पारंपरिक पद्धतीनं एकमुखानं संमती दिली. पेपरातही तेच आलं. व्हिडिओत मी आणि वैजू स्पष्ट दिसतो. तिचे हात जोडलेले, मान किंचित मागे, आणि सगळ्यांत खणखणीत आवाज तिचाच. तांडेलाच्या नातीचा आवाज तो, लाटेवरून ऐकू जाणारा. प्रवेश सुरू झाले तेव्हा आमच्या विषयाचं नाव यादीत नव्हतं.

वाडीतल्या मंडळींनी अर्ज केला, मुलांनी सह्या जमवल्या. शेवटी संचालकांनी वैजूला भेटायला बोलावलं, आणि ती म्हणाली, "तू ये गो संगतीक." मी गेले. कार्यालयात शिरताना तिनं पदर सारखा केला. त्या खोलीत ती नेहमी पुस्तकातलं मराठी बोलायची.

संचालकांनी आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला. हा माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

"मॅडम, मी काही लादलं नाही," ते म्हणाले. "सर्वांसमोर विचारलं. सर्वांनी हो म्हटलं. मी तेच वर कळवलं. आता तुम्ही म्हणता तो होकार नव्हता."

"सर, तिथे तसं म्हणतातच. बोलणारा थांबला की म्हणायचं असतं."

"काय बोलला ते न ऐकता?"

"पावसात ऐकू आलं नाही."

"म्हणजे त्या होकाराला तसा काही अर्थ नसतो. एक पद्धत म्हणून आपण म्हणतो." ते पुढे वाकले. मला वाटतं त्यांना मनापासून तिला मदत करायची होती. "तसं असेल तर तुम्ही मला लेखी द्या. तुम्ही इथल्या आहात, इतकी वर्षं त्या गाऱ्हाण्याला उभ्या राहताय. हा केवळ उपचार असतो, त्याला संमती मानू नये, एवढं लिहा. मी कुलगुरूंकडे पाठवतो. फेरविचार होऊ शकतो."

मी टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. लिही, वैजू. चार ओळी. मी माझ्या पर्समधून पेनसुद्धा काढलं.

वैजू खिडकीकडे बघत होती. तिथून सातवीण दिसते. संचालकांनी चहाचा कप तिच्यासमोर सरकवला.

"नाय सर," ती म्हणाली. त्या खोलीत मी तिला पहिल्यांदाच आपल्या भाषेत बोलताना ऐकलं. "ता माझ्यान लिवचा नाय. मी थय दर वर्सा मनापासून म्हटलंय."

"मग हेसुद्धा?"

तिनं मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही. संचालक हळूच म्हणाले, "मग माझ्या हातात काही राहत नाही, मॅडम."

"व्हय," वैजू म्हणाली. चहा तसाच होता. ती उठली, खुर्ची आत सरकवली. "येतंय हां सर."

"हो, हो," ते उठून उभे राहत म्हणाले. "या."